डॉक्टर, शिक्षिका आणि ओमानचे शंखशिंपले

पतिपत्नींनी मिळून जोपासलेला छंद बहुधा त्यांच्या घरापुरताच राहतो. तो अल्बममध्ये, काचेच्या कपाटात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये काही वर्षे दिसतो, आणि पुढच्या पिढीच्या हाती गेल्यावर त्यातले काय टिकेल याचा भरवसा देता येत नाही. ओमानमध्ये १९५५ साली आलेल्या डोनाल्ड आणि एलॉइझ बॉश या अमेरिकन दांपत्याचा समुद्रकिनाऱ्यावर शंखशिंपले गोळा करण्याचा छंद मात्र त्या देशाच्या टपाल तिकिटांपर्यंत, प्राणिशास्त्राच्या नामावलीपर्यंत आणि पूर्व अरबस्तानच्या किनाऱ्याविषयीच्या संदर्भग्रंथांपर्यंत पोहोचला. पती शल्यचिकित्सक आणि पत्नी शिक्षिका. प्राणिशास्त्र हा दोघांचाही पेशा नव्हता. तरीही व्यावसायिक संशोधकांना त्यांच्या संग्रहाची दखल का घ्यावी लागली, आणि त्याच छंदाची दुसरी, चिंता वाटायला लावणारी बाजू कोणती, हे समजून घेणे ओमानमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना उपयोगाचे आहे आणि त्याच अरबी समुद्राच्या अलीकडच्या काठावर राहणाऱ्या कोकणवासीयांनाही.

बॉश दांपत्य ओमानमध्ये आले ते रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिका या पंथाशी जोडलेल्या अरेबियन मिशनचे कार्यकर्ते म्हणून. हे मिशन १८८९ मध्ये स्थापन झाले होते आणि मस्कतमध्ये त्याचे काम १८९० च्या दशकापासून सुरू होते. मस्कतला लागून असलेल्या मत्रा बंदरात मिशनचे रुग्णालय होते, तेथे डॉ. वेल्स थॉम्स १९३९ पासून काम करीत होते आणि त्यांच्या जोडीला डोनाल्ड बॉश रुजू झाले. सुलतान सईद बिन तैमूर यांच्या कारकिर्दीतील तो ओमान आजच्या ओमानपेक्षा इतका वेगळा होता की, सलग रस्ते, उंच इमारती आणि गर्दीचे मॉल पाहणाऱ्याला तो डोळ्यांपुढे आणणेही अवघड जावे. १९७० पर्यंत साऱ्या देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता आणि सरकारी शाळा तीनच होत्या. मस्कत शहराचे दरवाजे सूर्यास्तानंतर काही तासांनी बंद होत आणि त्यानंतर रस्त्यावर चालणाऱ्याने हातात कंदील धरावा असा दंडक होता. मलेरिया, क्षयरोग आणि डोळ्यांचा खुपरीचा आजार सर्वत्र पसरलेला होता. अशा देशात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आणि मुलांना शिकवणारी त्याची पत्नी यांना फुरसत फार मिळत नसणार, हे उघड आहे.

त्या काळच्या ओमानचा मुंबईशी असलेला संबंध मात्र आजच्या इतकाच, किंबहुना आजच्याहूनही अधिक घट्ट होता. सुलतान सईद स्वतः अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेले होते. मत्र्याच्या बाजारात कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या होत्या. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबईहून कराची, मस्कत आणि पुढे इराणच्या आखातातील बंदरे घेत बसऱ्यापर्यंत जात. आणि व्यवहारात भारतीय रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा छापल्या आणि ओमानमध्ये त्या १९७० पर्यंत चलनात होत्या. मिशनमधील कुटुंबांची मुलेही पुष्कळदा दक्षिण भारतातील कोडाईकनालच्या शाळेत शिकत. ज्या समुद्राच्या काठी बॉश दांपत्य शिंपले वेचत होते, तो मराठी माणसाला परका नाही.

शंख किंवा शिंपला हे एका मऊ शरीराच्या प्राण्याचे, म्हणजे मृदुकाय प्राण्याचे, कवच असते. या प्राण्याच्या शरीरावर प्रावार नावाचा पातळ पडदा असतो. तो समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम शोषून घेऊन चुन्याचे थर एकावर एक चढवतो आणि प्राणी वाढतो तसतसे कवचही कडेने वाढत जाते. गोगलगायीसारखा पिळदार, एकसंध कवचाचा प्राणी म्हणजे शंखवर्गीय. तिसऱ्या, कालवे यांच्यासारखा दोन झडपांचा प्राणी म्हणजे शिंपावर्गीय. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील माळेत ओवलेली कवडी ही शंखवर्गातलीच; जिवंतपणी तिचा प्रावार कवचाच्या दोन्ही बाजूंनी वर येऊन ते झाकून टाकतो आणि वरच्या अंगावरही नवे थर देत राहतो, म्हणून कवडीची पाठ घासून चकाकी आणल्यासारखी गुळगुळीत राहते. कवचावरील रंगरेषांची नक्षी प्रावाराच्या कडेवरील पेशी वेळोवेळी रंगद्रव्य सोडतात त्यातून उमटते, आणि ती त्या त्या जातीत ठरावीक असल्यामुळे प्राणी मेल्यावरही नुसत्या कवचावरून जात ओळखता येते. हौशी माणसाला या क्षेत्रात शिरकाव मिळतो तो याचमुळे. पक्षी किंवा मासे जतन करायला जे रासायनिक सोपस्कार लागतात, ते येथे लागत नाहीत.

ओमानच्या किनाऱ्यावर जातींची एवढी विविधता का आहे, याचे उत्तर मोसमी वाऱ्यांत आहे, आणि ते मराठी वाचकाला जवळून समजेल. जून ते सप्टेंबर या काळात जे नैर्ऋत्य वारे सह्याद्रीवर येऊन आदळतात आणि कोकणात धो धो पाऊस पाडतात, तेच वारे वाटेत ओमानच्या दक्षिण किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पृष्ठभागाचे पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे वळते; ओमानच्या बाबतीत उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे. किनाऱ्यालगतचे ऊबदार पाणी असे बाहेर लोटले गेले की त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. त्यात तळाशी कुजलेल्या जीवांपासून सुटलेली नत्र आणि स्फुरदयुक्त पोषकद्रव्ये भरपूर असतात, त्यामुळे सूर्यप्रकाश मिळताच सूक्ष्म वनस्पतींची आणि मोठ्या तपकिरी शेवाळांची झपाट्याने वाढ होते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, अरबी वाळवंटाच्या कडेला, ऐन उन्हाळ्यात समुद्राचे पाणी वीस अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते, ही घटना साऱ्या हिंदी महासागरात विरळा आहे. याच थंड पाण्यावरून येणारी दमट हवा थिजून धुके बनते आणि धोफार प्रांतातल्या सलाला शहरामागच्या डोंगरांना चिकटून राहते; ‘खरीफ’च्या त्या दोन-तीन महिन्यांत धोफारचे डोंगर कोकणातल्या डोंगरांसारखे हिरवे होतात, आणि मस्कतमधील मराठी कुटुंबे मुलाबाळांसह हजार किलोमीटर मोटार हाकत तेथे जातात ती ही हिरवाई पाहायलाच.

उत्तरेला, मस्कतच्या बाजूला, समुद्र ऊबदार आणि प्रवाळांना मानवणारा आहे. दक्षिणेला मसिरा बेटापासून धोफारपर्यंत वर्षातून काही महिने तो थंड आणि शेवाळाने भरलेला असतो. एकाच देशाच्या किनाऱ्यावर अशी दोन हवामाने नांदत असल्यामुळे पॅसिफिकपर्यंत पसरलेल्या सर्वसामान्य जाती तर येथे आहेतच, पण पाण्याच्या या थंड पट्ट्यात अडकून पडलेल्या, जगात दुसरीकडे कोठेही न आढळणाऱ्या जातीही आहेत. बॉश दांपत्य आले तेव्हा या किनाऱ्याचा बराचसा भाग शास्त्रज्ञांनी बारकाईने पाहिलेलाच नव्हता. देश परक्यांसाठी जवळजवळ बंद होता. जे थोडे लोक आत होते, त्यांच्यापैकी वाळूकडे वाकून पाहणारे त्याहूनही थोडे.

शंखशिंपले वेचणे वरवर पाहता मुलांचा खेळ वाटतो. गांभीर्याने करायचे ठरवले तर मात्र ते चांगलेच शिस्तीचे काम आहे. पहिली गोष्ट म्हणजे भरती-ओहोटीचे वेळापत्रक. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तेवढीच खोल जाते, तेव्हा एरवी पाण्याखाली असणारा खडक आणि वाळू तास-दीड तास उघडी पडते. अष्टमीच्या सुमाराला, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाणी फारसे मागे सरत नाही आणि फेरी वाया जाते. ओमानमध्ये भरती-ओहोटीतील अंतर मुंबईपेक्षा कमी आहे, त्यामुळे दिवस नीट निवडणे तेथे अधिकच महत्त्वाचे ठरते. पुष्कळ शंखवर्गीय प्राणी निशाचर असल्याने रात्रीच्या ओहोटीला बॅटरी घेऊन जाणाऱ्याला दिवसा न दिसणारे प्राणी दिसतात. दगड उलटून पाहिला तर तो पुन्हा जसाच्या तसा पालथा ठेवावा लागतो, कारण त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेली अंडी आणि स्पंज उन्हात एका दुपारीत मरतात. शंकूच्या आकाराच्या शंखांना उघड्या हाताने स्पर्शही करू नये. त्या प्राण्याच्या तोंडात विषारी भाल्यासारखा दात असतो आणि काही जातींच्या दंशाने माणसे मेल्याचीही नोंद आहे.

खरे काम घरी आल्यावर सुरू होते. जुन्या पद्धतीत जिवंत मिळालेला प्राणी उकळत्या पाण्यात मारून, वाकवलेल्या टाचणीने पिळाच्या दिशेने हळूहळू फिरवत बाहेर काढला जाई. शंखाच्या तोंडावरचे झाकण त्याच शंखाबरोबर जपून ठेवले जाई, कारण जात ठरवताना तेही उपयोगी पडते. त्यानंतर चिठ्ठी लिहायची. सापडल्याचे ठिकाण, तारीख, पाण्याची खोली, तळ वाळूचा की खडकाचा, आणि गोळा करणाऱ्याचे नाव, एवढी माहिती त्या छोट्या चिठ्ठीवर असली तर तो नमुना शास्त्राच्या उपयोगाचा. नसली तर तो शंख कितीही देखणा असला तरी केवळ शोभेचा. ही चिठ्ठी लिहिण्याचा कंटाळा न करणे, आणि जे ओळखता येत नाही ते त्या विषयातील तज्ज्ञाकडे पाठवणे, या दोन सवयींनी बॉश यांच्या छंदाला ज्ञानाचे मोल मिळवून दिले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. सुंदर शंख जमवणारे जगात हजारो आहेत. ओळख न पटलेल्या, कधी कधी अगदी साध्या दिसणाऱ्या शंखासाठी दूरदेशीच्या संग्रहालयाशी पत्रव्यवहार करणारे थोडे.

हे तज्ज्ञ म्हणजे अमेरिकेतील टकर अ‍ॅबट. मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासातील विसाव्या शतकातील हे मोठे नाव. १९७० च्या सुमारास ते डेलावेअर येथील निसर्ग संग्रहालयात काम करीत होते. ओमानहून आलेल्या नमुन्यांपैकी लांब नळीसारखे टोक असलेल्या एका जाड कवचाच्या शंखाचे शास्त्रीय वर्णन अ‍ॅबट यांनी एका सहलेखकासोबत १९७० मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याचे नाव ठेवले सिमॅटियम बॉशी. तीन वर्षांनी, १९७३ मध्ये, त्यांनी मसिरा बेटावरच्या आणखी एका जातीचे वर्णन केले. तिचे नाव अ‍ॅक्टिऑन एलॉइझी. लॅटिन नामकरणाच्या नियमानुसार पुरुषाच्या नावावरून जातीचे नाव ठेवताना शेवटी एक प्रत्यय लागतो, स्त्रीच्या नावाला दुसरा, आणि एकाहून अधिक व्यक्तींना मिळून मान द्यायचा असेल तर तिसरा. बॉश यांच्या बाबतीत हे तिन्ही प्रत्यय वापरले गेले. कारण १९९३ मध्ये मूलेनबीक आणि कूमन्स या नेदरलँड्सच्या संशोधकांनी ओमानच्या शंकूसारख्या एका शंखाला कोनस बॉशोरम, म्हणजे ‘बॉश मंडळींचा’, असे नाव दिले. पतीच्या नावाची एक जात, पत्नीच्या नावाची एक आणि सामायिक एक, असा सन्मान प्राणिशास्त्रात फार थोड्या जोडप्यांच्या वाट्याला आला असेल.

यांतील एलॉइझ यांच्या नावाचा शंख थोडा निरखून पाहण्यासारखा आहे. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, अंड्यासारखा फुगीर, पांढरा शुभ्र. त्याच्या अंगावर आडवे बारीक खाचांचे पट्टे असतात आणि त्या पट्ट्यांवर ओळीने गुलाबी-नारिंगी रंगाचे ठिपके उमटलेले असतात. प्रत्येक ठिपक्याच्या कडेला काळसर रेघ असते, आणि ती अशी नेमकी की कोणी बारीक कुंचल्याने ठिपके आधी भरून मग कोरले असावेत. हा प्राणी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील वाळूत राहतो आणि त्याचा आढळ मसिरा आणि तिच्या शेजारच्या किनाऱ्यापुरता आहे. त्याच्या कुळातील इतर बहुतेक जाती लहान, फिक्या आणि सहज नजरेतून निसटणाऱ्या असताना हा एवढा उठावदार शंख १९७३ पर्यंत शास्त्राला अज्ञात राहिला, यावरूनच तो किनारा किती अस्पर्श होता हे कळते. मसिरेवर ब्रिटिश हवाई दलाचा तळ १९७७ पर्यंत होता आणि बाहेरच्या माणसाला तेथे सहज पाऊल ठेवता येत नसे.

१९८२ मध्ये ओमानच्या टपाल खात्याने देशातील वनस्पती आणि प्राणी यांवरील तिकिटांची एक मालिका काढली. तिच्यात रानफुले होती, अरबी ताहर हा डोंगरी प्राणी होता, निसर्गातून नाहीसा होऊन पुन्हा वाळवंटात सोडला गेलेला अरबी ओरिक्स होता; आणि चार शंख होते. त्यांपैकी दोन म्हणजे सिमॅटियम बॉशी आणि अ‍ॅक्टिऑन एलॉइझी. पतीचे आणि पत्नीचे नाव धारण करणाऱ्या दोन जाती एका देशाच्या नित्य वापरातील तिकिटांवर शेजारी शेजारी आल्या. पुढे वर्गीकरणात फेरबदल होऊन या दोन्ही जाती वेगळ्या प्रजातींत गेल्या, म्हणजे त्यांच्या नावाचा पहिला शब्द बदलला. दुसरा शब्द मात्र नियमानुसार कायम राहिला.

त्याच मालिकेतील तिसरा शंख म्हणजे तुलेर यांच्या नावाची कवडी, सिप्रिया तुलेराय. तिची हकिकत इतकी सरळ नाही, आणि या विषयावर लिहिणाऱ्याने ती टाळू नये. या कवडीचे वर्णन १८४५ मध्येच झालेले होते, परंतु त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तिचे मोजकेच नमुने जगातील संग्रहांत होते आणि ती नेमकी कोठे राहते हे संग्राहकांना माहीत नव्हते. दुर्मीळ कवड्यांमध्ये तिची गणना होत असे. १९६० च्या दशकात डोनाल्ड बॉश यांना तिची वस्ती मसिरेच्या उथळ किनाऱ्यावर आढळली. ज्ञानाच्या दृष्टीने ही मोठी भर होती. पण दुर्मीळ वस्तूचा पत्ता कळला की तिच्यामागे बाजार लागतो, आणि पुढील वर्षांत ही कवडी तेथून मोठ्या प्रमाणावर उचलली गेली.

या प्राण्याची जीवनरीतच अशी आहे की त्याला हा भार सोसवत नाही. बहुतेक कवड्यांच्या अंड्यांतून बाहेर पडणारी अळी सूक्ष्म असते आणि ती आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दूरच्या किनाऱ्यावर वस्ती करते. त्यामुळे एखादा किनारा रिकामा झाला तरी दुसरीकडून पिल्ले येत राहतात. तुलेर कवडीत ही तरंगणारी अवस्थाच नसते. पिल्लू अंड्यातून बाहेर पडते ते सरपटणाऱ्या लहान कवडीच्या रूपात आणि आईच्या आसपासच वाढते. मादी अंड्यांवर बसून राहते, शिवाय उथळ पाण्यात राहते, म्हणून हाताला सहज लागते. आणि एक मादी उचलली की तिच्याबरोबर तिची सारी पिढी जाते. पाण्याच्या ज्या वेगळेपणाने ही जात केवळ याच किनाऱ्याची ठेवली, त्याच वेगळेपणाने तिला पळून जायला जागाही ठेवली नाही. शोध लावणाऱ्याला त्याबद्दल दोष देणे योग्य होणार नाही. पण एखाद्या दुर्मीळ प्राण्याचे नेमके ठिकाण प्रसिद्ध करावे की नाही, हा आज पक्षी, फुलपाखरे आणि ऑर्किड यांच्या अभ्यासकांपुढे नित्य येणारा प्रश्न मसिरेच्या वाळूत तेव्हाच उभा राहिला होता.

सुलतान काबूस २३ जुलै १९७० रोजी गादीवर आले आणि देश झपाट्याने बदलू लागला. मिशनची रुग्णालये सरकारी आरोग्यव्यवस्थेत सामावली गेली, रस्ते झाले, मसिरेकडे जाण्याच्या वाटा मोकळ्या झाल्या. बॉश दांपत्य ओमानमध्येच राहिले. मस्कतच्या दक्षिणेला डोंगर थेट समुद्रात उतरतात त्या भागात, कंताब या मच्छीमारांच्या गावाजवळ, समुद्रकाठी त्यांचे घर होते. दोघांच्या नावावर ‘सीशेल्स ऑफ ओमान’ हे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘सीशेल्स ऑफ सदर्न अरेबिया’ १९८९ मध्ये. ही पुस्तके सामान्य वाचकाला हातात धरून किनाऱ्यावर फिरता यावे अशी होती. १९९५ मध्ये आलेल्या ‘सीशेल्स ऑफ ईस्टर्न अरेबिया’ या ग्रंथाचे स्वरूप मात्र वेगळे आहे. त्यात डोनाल्ड बॉश यांच्याबरोबर पीटर डान्स, अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयातील रॉबर्ट मूलेनबीक आणि वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ग्रॅहम ऑलिव्हर हे तज्ज्ञ लेखक आहेत, जातींची संख्या हजारावर आहे, आणि तांदळाच्या दाण्याहून बारीक शंखांनाही त्यात स्थान आहे. एका घरातील संग्रहापासून निघालेले काम एवढ्या थोरवीला पोहोचलेले पाहणे आनंदाचे आहे. त्या शेवटच्या ग्रंथाच्या लेखकांत एलॉइझ यांचे नाव नाही, याची चुटपुट मात्र वाटते, कारण आधीची दोन्ही पुस्तके दोघांची होती. दोघांच्या पहिल्या पंधरा वर्षांच्या आठवणी ‘द डॉक्टर अँड द टीचर’ या पुस्तकात ग्रंथित झाल्या आहेत. त्याच्या शीर्षकातच दोन्ही पेशांना सारखा मान आहे.

ओमानी माणसाला शंखशिंपल्यांची ओळख परक्यांनी करून दिली, असा समज मात्र यातून होऊ नये. मस्कतच्या कुर्म भागातील रास अल हमरा येथे सहा हजार वर्षांपूर्वीच्या मच्छीमारांच्या वस्त्या उत्खननात सापडल्या आहेत; तेथे शिंपल्यांचे थरच्या थर आहेत आणि मोत्याच्या शिंपल्यातून कोरून काढलेले मासेमारीचे गळही आहेत. त्याहून पूर्वेला रास अल जिंझ येथे, जेथे आज कासवांचे अभयारण्य आहे, सिंधू संस्कृतीच्या मडक्यांचे तुकडे मिळाले आहेत. अरबी समुद्राच्या दोन काठांवरची ये-जा इतकी जुनी आहे. काही शंखांची झाकणे ओमानमध्ये बखूरच्या सुगंधी मिश्रणात घालतात, आणि आयुर्वेदात ‘नख’ या नावाने हाच पदार्थ सुगंधी द्रव्यांत मोडतो. धोफारच्या किनाऱ्यावर मिरबात आणि त्याच्या पूर्वेकडील गावांत सफैला नावाचा चपटा, कानाच्या आकाराचा शंखवर्गीय प्राणी खडकावरून बुडी मारून काढतात. आतून मोत्यासारखे झळकणारे त्याचे कवच आणि वाळवलेले मांस या दोहोंना किंमत येते. खरीफच्या थंड पाण्यात वाढणाऱ्या शेवाळावर तो पोसला जातो. उपसा फार झाल्यावर सरकारने हंगाम थोड्या दिवसांचा केला आणि ठरावीक आकारापेक्षा लहान प्राणी काढण्यास मनाई केली.

आज मस्कत, सोहार किंवा सलाला येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी जोडप्याला हा छंद धरावासा वाटला, तर तो बॉश यांच्या काळातल्या पद्धतीने धरता येणार नाही आणि धरूही नये. किनाऱ्यावरील माणसांची वर्दळ तेव्हापासून कितीतरी पटींनी वाढली आहे आणि राखीव क्षेत्रांत काहीही उचलण्यास बंदी आहे. भारतातही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत २००१ मध्ये शंखशिंपल्यांच्या चोवीस जाती समाविष्ट झाल्या, त्यामुळे परदेशातून हौसेने आणलेला शंख विमानतळावर अडचणीचा ठरू शकतो. रिकामा शंखही निरुपयोगी नसतो. शंखखेकडा त्यात घर करतो आणि आपले अंग वाढले की मोठ्या शंखाच्या शोधात निघतो. मात्र उकळत्या पाण्याची आणि टाचणीची जागा आता कॅमेऱ्याने घेतली आहे, आणि चिठ्ठीवर जी माहिती लिहावी लागे तिच्यातील ठिकाण आणि तारीख मोबाइलमधील छायाचित्र स्वतःहून टिपते; खोली, तळ आणि प्राणी जिवंत होता की नुसते कवच, एवढे मात्र आजही माणसालाच लिहावे लागते.

मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने चाललेला उपक्रम याच मार्गाने जातो. गिरगाव, हाजी अली, जुहू या ठिकाणी उधाणाच्या ओहोटीला सामान्य नागरिक खडकांवर उतरतात, प्राणी हाताळत नाहीत, छायाचित्र घेऊन खुल्या नोंदवहीत ठेवतात आणि ओळख पटवण्याचे काम जाणकारांवर सोपवतात. ओमानमधील जोडप्यांना तर त्याहून एक जास्तीची सोय आहे. १९८२ आणि १९९५ च्या ग्रंथांत कोणती जात कोणत्या किनाऱ्यावर मिळाली याच्या नोंदी आहेत; त्यानंतर मस्कतच्या आसपासच्या किनाऱ्यांवर बांधकामे झाली, २००७ मध्ये गोनू चक्रीवादळाने मोठा तडाखा दिला, आणि समुद्राचे पाणीही तापते आहे. हिवाळ्यात पौर्णिमेच्या सुमाराची ओहोटी गाठून एकाने वाळूत शोधावे आणि दुसऱ्याने वहीत टिपावे, अशी दोन-तीन वर्षे एकाच किनाऱ्यावर काढली तर जुन्या यादीतील कोणत्या जाती अजून तेथे आहेत, कोणत्या दिसेनाशा झाल्या आणि कोणत्या नव्याने आल्या, हे त्या नोंदींशी ताडून पाहता येते.